तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवर ही नाकाडी माणसं कशाला?

घरी पहिल्यांदा येणारं कोणीही हॉलमधल्या भिंतीसमोर थबकतं आणि जरा वेळाने विचारतंच, की ही असली पोट सुटलेली, नाकाडी माणसं घरात कशाला लावलीत, तुमच्या ओळखीची तरी आहेत का? परवा पुन्हा एकांनी विचारलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ओळखीची नव्हती, आता झालीत. ही सगळी जुनी व्यंगचित्रं, माणसाचं रूप मुद्दाम वाढवून काढलेली. दाराजवळची जोडी इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेची, १७९२ सालची, माझ्याकडे अर्थात रिप्रिंट. एकात इंग्लंडचा युवराज जेवून खुर्चीत रेललाय, वेस्टकोट फुटायला आलाय आणि स्वारी काट्याने दात कोरतेय, आणि दुसऱ्यात त्याचा बाप, खुद्द राजा तिसरा जॉर्ज, एवढं मोठं राज्य हाताशी असून उकडलेलं अंडं खात बसलाय, विजारीला ठिगळ लावलेलं! मुलगा उधळ्या, बाप चिक्कू. आधी बरेच दिवस मी फक्त युवराजच लावला होता, छान दिसायचा, पण शेजारी बाप आला आणि दोघांचं घरातलं भांडणच ऐकू यायला लागलं. तेव्हापासून जोडीची चित्रं मी तोडत नाही.

हसून झाल्यावर रोज काय बघायचं, असंही विचारतात. अहो, हसू पहिल्या दिवशीचं, नंतर रेष दिसायला लागते. आपल्याकडे याला अर्कचित्र म्हणतात, माणसाचा फापटपसारा गाळून उरतो तो अर्क, आणि कॅरिकेचर हा शब्द आलाय इटालियनमधून, त्याचं मूळ 'भार लादणं'. तिकडे लादतात, आपण गाळतो, आणि चांगल्या चित्रात मला दोन्ही एकदमच दिसतं.

लावताना काळजी घ्या बरं का. ऊन थेट पडू देऊ नका, रंग उडतो, आणि काच कागदाला चिकटता कामा नये, मध्ये ॲसिड-फ्री माउंट, म्हणजे आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याची चौकट, हवाच. मागून सेलोटेप तर अजिबात नको, त्याचा पिवळा डाग जाता जात नाही.

सगळ्यात लाडकं मात्र भिंतीवर नाहीच. ते फ्रेंच व्यंगचित्रकार ऑनोरे दोमिएचं, फ्रान्सच्या राजाला खादाड राक्षस दाखवला म्हणून १८३२ मध्ये तुरुंगात गेला तोच. तो छपाईच्या दगडावर तेलकट खडूने काढायचा आणि त्याची चित्रं पेपरात छापून यायची. माझ्याकडे त्यातलं एक अस्सल पान आहे, भिंगाखाली खडूचा खरबरीत दाणा दिसतो, हल्लीच्या छपाईसारखे एकसारखे ठिपके नाहीत, आणि उजेडासमोर धरलं की मागच्या बाजूच्या बातम्यांची फ्रेंच अक्षरं त्या माणसाच्या कोटातून उलटी उमटतात. फ्रेममध्ये घातलं असतं तर ही गंमत गेली असती, म्हणून फोल्डरमध्येच ठेवलंय. आलात की सांगा, काढून दाखवते, फक्त हात कोरडे हवेत.