सीपीयू उचलायचं वय गेलं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये माझा सीपीयू सौ.नं उचलला आणि मॉनिटर मी. आम्ही सांगलीत गावभागात राहतो, तळमजल्यावर. आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, ते साल. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे आकडे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. जिन्यात गुडघाभर पाणी, कॅबिनेट नक्की कुठं धरायचं ते समजत नाही, मागनं वायरी लोंबतायत आणि लाईट तर कधीच गेलेली. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या दिवाणाखाली तो डेस्कटॉप बारा दिवस होता. यूपीएस खालीच राहिला. पाणी उतरल्यावर तो उघडला तर आतनं वाटीभर गाळ निघाला. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप पेनड्राइव्हवर होता आणि पेनड्राइव्ह दुधाच्या पिशवीत गुंडाळून माझ्या बंडीच्या खिशात.

२०२१ च्या जुलैत परत तीच वरात. त्या वेळी माझी कंबर धरलेली होती, म्हणून मॉनिटरही तिनंच नेला. वर पोचल्यावर एवढंच म्हणाली, "ह्याच्यापेक्षा पिठाची गिरणी बरी, तिला चाकं तरी असतात." डेस्कटॉप सोडून मी लॅपटॉपवर कसा आलो, त्याची ही गोष्ट.

मी मार्केट यार्डातल्या अडत दुकानांचे हिशेब लिहितो. हळद आणि बेदाणा. पाच पेढ्या आहेत, पैकी एकीच्या शेतकऱ्यांच्या पट्ट्याही, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्याही, माझ्याकडंच छापून होतात, कार्बन लावून, डॉट मॅट्रिक्सवर. म्हणजे माझं मशीन काय करतं तर टॅली, एक्सेल, जीएसटीचं पोर्टल, डिजिटल सहीचं डीएससी टोकन आणि करकर करणारा तो प्रिंटर. गेम नाही, व्हिडिओचं काम नाही. एवढ्यासाठी २०१४ च्या मे महिन्यात ३२,००० रुपयांना जोडून घेतलेला चौथ्या पिढीच्या इंटेल आय३ प्रोसेसरचा डेस्कटॉप मला दहा वर्षं पुरला. कॉम्प्युटरवर घसारा आधी ६० टक्के होता, २०१७-१८ पासून ४० टक्के झाला. त्या हिशेबानं ३१ मार्च २०२४ ला माझ्या पुस्तकात ह्या डेस्कटॉपची किंमत ५७ रुपये उरली होती. त्याच एप्रिलमध्ये तो तिसऱ्या-चौथ्या झटक्याला चालू व्हायला लागला. पुस्तक खोटं बोलत नाही.

मेकॅनिकनं बोर्ड बघितला आणि म्हणाला, "साहेब, ह्याचा नवा बोर्ड आता येत नाही. कुठल्या तरी जुन्या मशीनचा काढून बसवतो, पण गॅरंटी मागायची नाही."

पुतण्या हिंजवडीत असतो. त्याला फोन लावला. बजेट ३५,०००.

"काका, परत डेस्कटॉपच घ्या की. त्याच पैशात लॅपटॉपच्या दीडपट मशीन येतं. नाहीतर मिनी पीसी घ्या, डब्याएवढा असतो."

त्याचं बरोबरच होतं, आणि मिनी पीसीवर माझं मन दोन दिवस अडकलंही होतं. पण त्याला बॅटरी नाही. म्हणजे यूपीएस आला, आणि यूपीएसमधली ती शिशाची बॅटरी माझ्याकडं दर दोन-अडीच वर्षांनी राम म्हणते. शिवाय पूर आला की पेटी, यूपीएस, मॉनिटर सगळं आलंच. मला टेबलावर बसणारं पण एका हातानं उचलता येणारं काहीतरी पाहिजे होतं. इंटरनेटवर 'डेस्कटॉप रिप्लेसमेंट' म्हणून शोधलं तर सतरा इंची, अडीच-तीन किलोची धुडं निघाली. ते गेम खेळणाऱ्यांचं प्रकरण.

मग इथल्याच एका दुकानात नवे लॅपटॉप बघायला गेलो. हिशेब लिहिणारा माणूस लॅपटॉपचा पडदा आधी बघत नाही, तो उजवीकडचे आकडे बघतो. नंबरपॅड. मधलं बोट ५ च्या फुगवट्यावर ठेवलं की बाकीचा हात आपोआप बसतो, खाली बघायचं काम नाही. दुकानात एक्सेल उघडून मी पट्टीचे आकडे मारायला लागलो. साडेपंधरा इंची लॅपटॉपला नंबरपॅड असतो खरा, पण चिंबलेला. बटणं अरुंद, शून्य अर्धवट, आणि वरखाली जायचे बाण तर हरभऱ्याएवढे. एका मॉडेलमध्ये उजव्या कोपऱ्यात, वजाबाकीच्या चिन्हाच्या अगदी शेजारी, पॉवरचं बटण. मी वजावट टाकायला गेलो आणि पडदा काळा झाला. दुकानदार पोरगा म्हणाला, "सवय होते काका." पन्नाशीनंतर सवयी लागत नाहीत रे बाबा, आहेत त्याच सुटत नाहीत.

त्यानं पुढं केलेला २४,००० चा एक होता. सेलेरॉन, ४ जीबी रॅम, १२८ जीबीचं स्टोरेज, आणि हे तिन्ही बोर्डावर चिकटलेलं. टॅली त्यावर चालेल. पण टॅली, एक्सेलच्या चार फायली आणि ब्राउझरमध्ये पोर्टल, असं एकदम उघडलं की ते मशीन आवंढा गिळत बसणार, आणि पुढं रॅम वाढवायची सोय नाही. हे घेण्यापेक्षा काही न घेतलेलं बरं.

दुसरा ३६,००० चा, एएमडीच्या रायझन ५ ७५२०यू प्रोसेसरचा. '७००० ची सीरिज आहे, लेटेस्ट' असं पोरगा म्हणाला. मला आकडे दिसले की मी ते फोडून बघतो, धंद्याची खोड. घरी येऊन बसलो. त्या चार आकड्यांत पहिला आकडा वर्षाचा आणि तिसरा आकडा आतल्या रचनेचा. ७५२० मधला २ म्हणजे झेन २, ती रचना २०१९ सालची. ७५३० मधला ३ म्हणजे झेन ३. वरनं दोन्ही '७००० सीरिज'च, पण पहिल्यात चार कोर, म्हणजे काम करणारे मेंदू, आणि दुसऱ्यात सहा. ही रीत कंपनीनंच जाहीर केलेली आहे, लपवाछपवी काही नाही. पण दुकानाच्या पाटीवर कोण वाचणार? बेदाण्याच्या बॉक्सवर वरच्या थराला हिरवे मणी लावतात, त्यातला प्रकार. मशीन वाईट होतं असं नाही. त्याची रॅमही बोर्डावरच चिकटलेली होती, हे मला जास्त खटकलं.

त्या रात्री एक साधी गोष्ट डोक्यात आली, आणि ती आधीच यायला पाहिजे होती. लॅपटॉप टेबलावरच बसणार असेल तर त्याचा कीबोर्ड मी कशाला वापरतोय? मॉनिटर आहे, माउस आहे, ६०० रुपयांत चांगला जाड बटणांचा कीबोर्ड येतो. मग नंबरपॅडचा हट्ट सुटला, साडेपंधरा इंचाचा सुटला, पडद्याच्या रंगांची चर्चा सुटली. उरली ती भोकं. मॉनिटरचं भोक, प्रिंटरचं भोक, टोकनचं, लॅनचं. नव्या स्वस्त लॅपटॉपना दोन-तीन यूएसबी आणि एक एचडीएमआय, बस्स. माझा मॉनिटर जुन्या व्हीजीए तोंडाचा.

पुतण्याला परत फोन. तो हसला आणि म्हणाला, "तुम्हाला कंपनीतून निघालेलं मशीन पाहिजे काका. या पुण्याला."

मोठ्या कंपन्या लॅपटॉप भाड्यानं घेतात, तीन-चार वर्षांनी परत करतात, आणि ते लॉटनं बाजारात येतात. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एका माडीवर तो मला घेऊन गेला. खोलीभर काळे लॅपटॉप, विटांसारखे रचलेले. आमची अट एकच होती. आठव्या पिढीच्या खालचा इंटेल नको, कारण विंडोज ११ अधिकृतपणे त्याच्या खाली चढत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार हे जाहीर झालं होतं. सातव्या पिढीचे पाच-सहा हजारांनी स्वस्त होते. पण ते घेणं म्हणजे सौदा संपल्यावर मार्केटला जाणं.

मी निवडला डेलचा लॅटिट्यूड ५४९०. चौदा इंची, आय५, चार कोर, ८ जीबी रॅम, २५६ जीबीचा एसएसडी. दिसायला पोलीस ठाण्यातल्या रजिस्टरसारखा. पण त्याच्या कडेला काय नाही? तीन मोठे यूएसबी, एक टाइप सी, एचडीएमआय, लॅनचं भोक, आणि चक्क व्हीजीए! मला गावातला माणूस परदेशात भेटल्यासारखं झालं. खालचं झाकण उघडून बघितलं तर रॅमच्या दोन खाचा, एक रिकामी.

दुकानदार २१,५०० सांगत होता. पैसे द्यायच्या आधी पुतण्यानं जे केलं ते लिहून ठेवतो, कुणाच्या तरी कामी येईल. त्यानं आधी विंडोजमधला बॅटरीचा रिपोर्ट काढला. मूळ क्षमता ६८ वॉट-अवर, आता पूर्ण चार्ज झाल्यावर ४६. शेजारच्या दुसऱ्या पीसची २९ निघाली. बाहेरनं दोन्ही सारखेच चकचकीत, किंमतही एकच. मग एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, गेला, तिथं आधीच्या कंपनीचा पासवर्ड तर नाही ना ते बघितलं. आणि शेवटी नवं विंडोज टाकायला लावून, मोबाइलचं नेट जोडून, पहिल्या पडद्यापर्यंत नेलं. तिथं एखाद्या कंपनीचं नाव येऊन त्यांचं लॉगिन मागितलं, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या यादीत आहे असं समजायचं आणि सोडायचं. कारण कधीही पुसलं तरी ते परत तेच मागणार.

"ह्याला तास लागेल," दुकानदार.

"लागू दे," मी म्हणालो, "माझी एसटी रात्री साडेदहाची आहे."

तो गप बसला. बहुधा माझ्यासारखी रिकामटेकडी गिऱ्हाइकं त्याला कमी भेटत असावीत. बटण न् बटण मी दाबून बघितलं. पांढरा पडदा लावून डाग शोधले, एक होता, खाली डावीकडं, मुगाएवढा. त्याचे पाचशे कमी करून घेतले. पक्कं बिल मागितलं तर त्यानं मार्जिन स्कीममधलं दिलं, म्हणजे जीएसटी फक्त त्याच्या नफ्यावर. जुन्या मालाला ते चालतं, फक्त त्यावर घेणाऱ्याला जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, हे व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. रॅमची दुसरी ८ जीबीची पट्टी तिथंच १,४०० ला घालून घेतली.

सांगलीत आल्यावर पहिलं काम टॅलीचं लायसन्स. जुना डेस्कटॉप जिवंत असतानाच ते त्यावरून सरेंडर, म्हणजे मोकळं, करायचं होतं, म्हणून मी त्याच्यापुढं बसून पाच वेळा बटण मारलं. सहाव्याला उठला. सरेंडर झालं, नव्यावर ॲक्टिव्हेट झालं. त्यानंतर तो डेस्कटॉप चालू झालाच नाही, आणि मीही फार आग्रह केला नाही.

प्रिंटरनं मात्र अख्खा रविवार खाल्ला. त्याला मागं ते जुनं छत्तीस पिनांचं रुंद तोंड, आणि लॅपटॉपला तसलं काही नाही. ४५० रुपयांची यूएसबी-पॅरलल केबल आणली. जोडली, विंडोजनं टुंग केलं, प्रिंट दिली, कागद हलेना. ड्रायव्हर दोनदा काढून घातला. दुपारी चारला सुचलं की प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट अजून एलपीटी१ च, म्हणजे जुन्या तोंडाचं, आहे. तिथं यूएसबी००१ वर टिक केली आणि सकाळपासून दिलेल्या अकरा प्रिंटा एकदम करकरत सुटल्या. सगळ्या एकाच शेतकऱ्याच्या पट्टीच्या.

आता लॅपटॉप झाकण मिटून टेबलाच्या कडेला उभ्या फायलींशेजारी असतो. झाकण मिटल्यावर काहीच करू नको, असं विंडोजला सांगून ठेवलंय. लाईट गेली की मॉनिटर विझतो, मी झाकण उघडतो आणि त्याच व्हाउचरवर पुढं लिहितो. सदानकदा वायर लावलेली असली की बॅटरी फुगते म्हणतात, त्यावर बायोसमध्येच इलाज आहे. ५० च्या खाली गेली की भरायला लाग, ८० ला थांब, असं तिथं ठरवता येतं. आठ महिने हे चालतं. मृगाचा पाऊस लागला की मी ते बदलून पूर्ण १०० करतो, आणि दसऱ्याला परत ८०. पुतण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "काका, बॅटरीला पावसाळा लावणारे तुम्ही पहिलेच."

घेतल्यावर दोनच महिन्यांत, २०२४ च्या जुलैअखेर, कृष्णा ४० फुटांच्या आसपास आली. गल्लीत परत ती नेहमीची चर्चा सुरू झाली, कोयनेतनं किती सोडलं, अलमट्टीतनं किती सुटतंय. मी उठलो. लॅपटॉपच्या वायरी काढल्या, चार्जर गुंडाळला, टोकन आणि पेनड्राइव्ह आतल्या कप्प्यात, सगळं मिळून लेकीच्या जुन्या कॉलेजच्या सॅकमध्ये. सॅक दाराच्या खुंटीला अडकवली. मॉनिटर उचलायचा नाही असं आधीच ठरवलं होतं. गेला तर दोन हजारात जुना मिळतो. घड्याळ बघितलं तर चार मिनिटं झाली होती, आणि मी खुर्चीत बसून सौ.कडं जरा कौतुकाच्या अपेक्षेनं बघितलं.

तिनं खुंटीकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं.

"झालं न्हवं तुमचं? मग आता हात मोकळे आहेत तर धान्याचे डबे घ्या."

जोंधळ्याचे दोन, गव्हाचे दोन, तांदळाचा एक. पाच डबे, पाच खेपा, काकूंच्या त्याच दिवाणाखाली. पाणी आमच्या गल्लीपर्यंत आलंच नाही. लॅपटॉप दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर होता. डबे खाली यायला गणपती उजाडला.