जनरलसाहेबांची चौकट

१४ नोव्हेंबर २००५, सोमवार. बिहारच्या निवडणुकीने पहिलं पान व्यापलं होतं आणि मी आंतरराष्ट्रीय पानावर होतो. संध्याकाळी मॉस्कोहून तारांचा ओघ सुरू झाला. पुतिन यांनी खांदेपालट केला होता. मेदवेदेव पहिले उपपंतप्रधान, संरक्षणमंत्री सर्गेई इवानोव यांनाही बढती. मग २००८ मध्ये गादीवर कोण, हाच घोळ प्रत्येक वृत्तसंस्था घालत होती. तारेच्या शेपटाला एक ओळ होती: रशियाच्या अतिपूर्वेतले राष्ट्राध्यक्षांचे दूत कॉन्स्तान्तिन पुलिकोव्स्की यांना हटवून कझानचे महापौर कामिल इस्खाकोव यांना नेमलं.

कॉपी कापताना अशा ओळी आधी उडतात. पण १९९६ च्या ऑगस्टमध्ये, डेस्कवर नवा असताना, हेच नाव मी बातमीत लिहिलं होतं. चेचन्याची राजधानी ग्रोझ्नी चेचेन बंडखोरांनी परत घेतली होती. तिथल्या रशियन फौजांचा सरसेनापती रजेवर होता आणि त्याची जागा सांभाळणाऱ्या या जनरलने जाहीर केलं: नागरिकांनी ४८ तासांत शहर सोडावं, त्यानंतर विमानं आणि जड तोफा चालतील. हजारो लोक पायी बाहेर पडले. शेवटी येल्त्सिन यांचे सुरक्षा सचिव अलेक्झांदर लेबेद, तेही जनरलच, तिथे धावले, तो इशारा त्यांनी रद्द करवला आणि ३१ ऑगस्टला युद्ध थांबवणारा खासाव्यूर्तचा करार झाला.

वृत्तसंपादकांकडे गेलो. "सर, यावर वेगळी चौकट करू का?"

"कोण हा? आपल्या वाचकाला काय त्याचं?"

"सखालिन त्याच्याच हद्दीत येतं, सर. ओएनजीसी विदेशचा तिथल्या सखालिन-१ तेलप्रकल्पात २० टक्के हिस्सा आहे. गेल्याच महिन्यात तिथून तेल निघायला लागलंय."

तेल म्हटल्यावर चेहरा जरा खुलला. "तीनशे शब्द. डाक आवृत्तीच्या आत दे. आणि तो किम जोंग इलची गाडी घेऊन फिरला होता, तोच ना? मग तिथूनच सुरू कर."

तोच. २००१ च्या जुलैअखेरीस उत्तर कोरियाचे सर्वेसर्वा किम विमान टाळून आपल्या आगगाडीने रशियात शिरले, मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग करून परतले, चोवीस दिवसांनी. सोबतीला पूर्ण वेळ पुलिकोव्स्की. पुढे त्यांनी या प्रवासावर पुस्तकच लिहिलं. त्यातले विमानाने गाडीवर पोचवलेले जिवंत लॉबस्टर, चांदीच्या चॉपस्टिक्स आणि फ्रेंच वाइन जगभरच्या पेपरांनी चवीने छापल्या होत्या. सर म्हणत होते ते धंद्याच्या हिशेबाने बरोबरच होतं. लॉबस्टरचा इंट्रो कोणीही वाचतो.

मला मात्र ते पटेना. त्या माणसाची खरी गोष्ट गाडीत नव्हती.

मे २००० मध्ये पुतिन यांनी देशाचे सात विभाग पाडून प्रत्येकावर एक दूत बसवला. मनाला येईल तसं वागणाऱ्या गव्हर्नरांना वेसण घालायला. सातांपैकी पाच वर्दीतले होते: लष्कर, पोलीस किंवा केजीबी. पुलिकोव्स्की १९९८ मध्ये निवृत्त होऊन क्रास्नोदारला राहत होते, तिथे त्यांनी पुतिन यांचा प्रचार सांभाळला होता. त्यांना मिळाला अतिपूर्व. जन्मगाव उस्सुरीस्क तिथलंच, पण मुलूख केवढा! महाराष्ट्राच्या वीसपट जमीन आणि माणसं मुंबईच्या निम्मी. कार्यालय खाबारोव्स्कला. हाताशी ना फौज, ना स्वतःची तिजोरी.

त्याच हिवाळ्यात व्लादिवोस्तोकच्या आसपास घरं तापवायला इंधन उरलं नाही. तिथले गव्हर्नर नाझ्द्रातेंको यांच्याशी दूताचं उघड वैर. फेब्रुवारी २००१ मध्ये नाझ्द्रातेंको यांनी राजीनामा दिला खरा, पण महिना संपायच्या आत ते मॉस्कोत मत्स्यव्यवसाय समितीचे प्रमुख झाले, म्हणजे अतिपूर्वेच्या मुख्य धंद्याच्या नाड्या त्यांच्याच हातात. रिकाम्या गादीसाठी पुलिकोव्स्कींचे उपदूत निवडणुकीला उभे राहिले आणि जूनमध्ये सर्गेई दारकिन या व्यावसायिकाकडून हरले. अख्ख्या शहराला ४८ तासांची मुदत देणाऱ्याला एका प्रांताचे मतदार जुमानेनात. पुढच्याच महिन्यात ते किमच्या गाडीत होते. ते काम त्यांनी उत्तम केलं, कारण तिथे नेमका हुकूम होता: पाहुण्याला न्या आणि सुखरूप परत आणा. लेबेद यांची वाट वेगळी. ते १९९८ मध्ये क्रास्नोयार्स्कमध्ये मतं मागून गव्हर्नर झाले, २००२ मध्ये हेलिकॉप्टर कोसळून गेले.

मी इंट्रो ग्रोझ्नीवरच ठेवला, किमला दुसऱ्या परिच्छेदात टाकलं. सरांनी वाचलं, लॉबस्टरची ओळ उचलून वर नेली, मी हुज्जत घातली, ती पुन्हा खाली आली. खरी अडचण पुढेच होती. पुलिकोव्स्कींचा मुलगाही सैन्यात अधिकारी होता. डिसेंबर १९९५ मध्ये तो चेचन्यात मारला गेला. ग्रोझ्नीच्या इशाऱ्याला लागून हे वाक्य टाकलं की सूडाची गोष्ट तयार होते, आणि त्याला पुरावा माझ्यापाशी काही नव्हता. नाही टाकलं, तर माणूस अर्धाच राहतो. शेवटी दोन्हींमध्ये भरपूर अंतर राहील अशा बेताने ते तळाला, वयाच्या आणि जन्मगावाच्या ओळीत बसवलं.

पान लावणाऱ्याने हाक मारली, "सात ओळी जास्त होतायत, खालून कापू?"

"खालून नको. लॉबस्टर काढ."

सर तेव्हा पहिल्या पानाच्या मथळ्यात अडकले होते. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती तशीच गेली. शहर आवृत्तीला त्यांच्या लक्षात आलं, आणि लॉबस्टर परत आले. त्यांच्यासाठी नाझ्द्रातेंको यांचं मासळीखातं गेलं. मुलाची ओळ मात्र दोन्हीकडे राहिली.

डिसेंबरमध्ये पुलिकोव्स्कींना रोस्तेखनादझोरचं, म्हणजे खाणी, कारखाने आणि अणुभट्ट्यांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या खात्याचं प्रमुखपद मिळालं. ते आम्ही 'संक्षिप्त'मध्ये तीन ओळीत उरकलं.