फुटबॉल काढायला गेलो आणि

उपसाबंदी, म्हणजे नदीतून मोटरनं पाणी उपसायला बंदी, लागली की गावात पहिली शिवी माझ्या तोंडून निघते. मे तापलेला, उसाची पाळी आलेली आणि नेमकी मोटर बंद. यंदा म्हटलं, बंद आहेच तर फुटबॉल, म्हणजे मोटरच्या पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची जाळीवाली झडप (फूट व्हॉल्व्ह), तरी साफ करून घेऊ. आप्पांना घेऊन भोगावतीत उतरलो.

राधानगरी धरणाचं पाणी अजून पोचलं नव्हतं. खडकांवरचं शेवाळ वाळून पापडासारखं सुटलेलं. वळणावरच्या डोहात तेवढं छातीभर पाणी.

"सगळी नदी हितं येऊन बसलीया बघ," आप्पा म्हणाले.

आत शिरलो तर वरचं पाणी कोमट आणि पाय गारठलेले. तळाशी कुठंतरी झरा आहे. मासे त्या गारव्याला धरून असतात, कारण गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३५ अंशाला जेमतेम ७. मरळीला याचं सोयरसुतक नाही, ती वर येऊन हवेचा घोट घेते आणि जाते. खेकडे काठच्या बिळात, ओल असेल तितकं खोल. बाकीच्यांना मात्र हा डोह सोडला तर जागा नाही.

बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेत, पाणी तुंबलंय, मग काळजी कसली, असं मलाही वाटायचं. पण ते उथळ, तापलेलं पाणी. त्यात सांडपाणी मिसळलं की ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो. खाली पंचगंगेत तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडतो तो असा.

आप्पांच्या लहानपणी या डोहात बांबू टेकत नव्हता म्हणे. २०१९ च्या महापुरानं गाळ आणून टाकला, २०२१ नं त्यावर आणखी थर दिला, असं त्यांचं म्हणणं. मला त्यात आमची काठापर्यंत नांगरलेली रानंही दिसतात, पण ते मी आप्पांना बोललो नाही. पूर मोठा आला की उन्हाळ्यातला आसरा उथळ होतो, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि माझा फुटबॉल? त्याच डोहाच्या तळाशी, झऱ्याच्या तोंडाला. जाळीत बोटभर मासे अडकून मेलेले.

तिसऱ्या दिवशी धरणाचं पाणी आलं, बंदी उठली. फुटबॉल आता वरच्या अंगाला, वाहत्या धारेत टाकलाय. पुढच्या बंदीत तो उघडा पडणार. पाइपचे दोन तुकडे जास्तीचे लागले, त्यावरून घरात अजून ऐकून घेतोय.