अखेर पिसोरी! आणि कारवीचा तिढा

पिसोरी (हरणासारखा इवलासा प्राणी) मिळाली, मंडळी! जंगलात आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बांधून आम्ही सस्तन प्राण्यांच्या जातींची यादी करतोय. राधानगरीचं जंगल १९५८ पासून गव्यांसाठी राखलेलं, त्यामुळे गवा आमच्या यादीत पहिल्या कार्डालाच आला होता. पाठोपाठ सांबर, भेकर, साळिंदर, उदमांजर आले आणि मग यादी जी अडली ती अडलीच. आता मात्र पडद्यावर अंगावरच्या ठिपक्यांच्या रांगा आणि गळ्याचे पांढरे पट्टे स्वच्छ दिसताहेत. मी तो फोटो पुन्हा पुन्हा उघडून बघतोय.

इतके दिवस अडवलं ते कारवीच्या दाट झुडपांनी. पिसोरीची खांद्याशी उंची जेमतेम ३० सेंटीमीटर, म्हणजे कॅमेरा गुडघ्याच्याही खाली बांधायचा. तिथे समोर सगळी कारवीच. कॅमेऱ्याला क्लिक करायला लावणारा पीआयआर सेन्सर टिपतो तो उष्णतेतला फरक. उन्हाने तापलेलं पान वाऱ्यावर हललं की तो क्लिक करतो, आणि दुपारभर करतच राहतो. मागच्या फेरीचं कार्ड नुसत्या पानांनी भरलेलं निघालं, सेलही संपलेले. पिसोरी फिरते मुख्यतः रात्री, तेव्हा कॅमेरा मेलेला!

सेन्सिटिव्हिटी उतरवली तर दोन-तीन किलोचा जीव सुटतो. फक्त रात्रीचा टायमर लावला तर मुंगूस हुकतं. कारवी छाटायची तर अभयारण्यात पानालाही हात लावायचा नाही, आणि हा नियम मला पूर्ण पटतो. आपण मोजायला आलोय, जंगल बदलायला नाही.

मार्ग निघाला तो ओढ्याकाठच्या राईत. मोजणीसाठी जंगलाच्या चौकटी आखल्यात, त्यातल्या ठरलेल्या चौकटीच्या आतच कॅमेरा सरकवला. वर दाट सावली, खाली मोकळा पालापाचोळा. तोंड उत्तरेला, समोर तीन मीटरवर अंजनाचं जाड खोड, म्हणजे मागे हलणारं काही नाही. पायवाट आडवी जाईल असा कोन धरला, कारण समोरून चालत येणाऱ्या जनावराला सेन्सर उशिरा पकडतो. इतक्या जवळून आयआर (अवरक्त) फ्लॅशने चेहरा पांढराफटक होतो, म्हणून काही एलईडींवर पांढरी सर्जिकल टेप चिकटवली. ठिपके मोजता येताहेत ते या टेपमुळेच!

सेलबद्दल माझं मत आता पक्कं आहे: अल्कलाइन नको. व्होल्टेज उतरत जातं आणि रात्रीचा फ्लॅश मंदावतो. चांगले रिचार्जेबल १.२ व्होल्ट शेवटपर्यंत टिकवतात. लिथियम उत्तम, पण खिशाला जड.

पुढच्या फेरीत कॅमेरे पुन्हा राईतच लावणार होतो, पण हे लिहिता लिहिताच दुसरं सुचतंय. पिसोरी गळलेली फळं खाते, मग उंबराखाली का नको? अडचण एवढीच की मुद्दाम फळझाड निवडलं की तिथला आकडा इतर चौकटींशी ताडता येत नाही. म्हणून चौकटीतले कॅमेरे हलवायचे नाहीत. परवानगी वाढवून मिळाली तर दोन जादा कॅमेरे उंबराखाली लावायचे, त्यांची नोंद फक्त जातींच्या यादीसाठी.

नव्या जाती मिळेनाशा झाल्या, म्हणजे जातींच्या संख्येचा आलेख सपाट झाला, की यादी पुरी झाली असं मात्र कुणी समजू नका. तो जमिनीवरच्या कॅमेऱ्यापुरता सपाट आहे. भारतातल्या चारशेहून जास्त सस्तन जातींत सव्वाशेच्या वर वटवाघळंच आहेत, ती यात येतच नाहीत. शेकरूसाठीही वर चढावं लागेल. झाडावर कॅमेरा बांधलेल्यांनी सांगा: फांदी डुलते तेव्हा फुकटचे ट्रिगर कसे आवरता? पट्टा खोडालाच बांधता की जाड फांदीवर?