एकदा ऐकलेलं, हजारदा उगाळलेलं

कोकणातलं आमचं घर दादाने विकायला काढलं, तेव्हा मी हरकत घेतली. तो म्हणाला, "तुला काय करायचंय त्या पडक्या घराचं?" व्यवहार रीतसर झाला, माझा वाटाही मिळाला. पण ते वाक्य मनातून जाईना.

त्याच सुमारास योगवर्गात पातंजल योगसूत्रांचा साधनपाद, म्हणजे दुसरा भाग, सुरू होता. सातव्या सूत्रात 'सुखानुशयी रागः', आठव्यात 'दुःखानुशयी द्वेषः'. सुख भोगून संपतं, आठवण मागे राहते आणि तिच्यामागे मन धावतं, ही आसक्ती. दुःखाचंही तसंच, तो द्वेष. गीतेतली दुसऱ्या अध्यायातली आसक्ती, इच्छा, क्रोध ही साखळीही 'ध्यायतो विषयान्' इथूनच सुरू होते. वस्तू नंतर, आधी तिचं चिंतन. मला हे अगदी पटलं, कारण घर हातचं गेल्यावरच ते मला जास्त प्रिय झालं होतं. आणि दादा एकदाच बोलला होता. त्यातली तुच्छता उगाळता उगाळता वाढत गेली होती.

सुरुवातीला मी विचार दाबायचे. ते काही टिकत नसे. मग प्रतिपक्षभावन, म्हणजे छळणाऱ्या विचारांवर पतंजलींनी सांगितलेला उपाय, नीट वाचलं. दादाबद्दल ओढूनताणून चांगलं चिंतायचं, असं तिथे नाही. हा विचार दुःख आणि अज्ञान यांचीच न संपणारी फळं देतो, हे पाहायचं. तसं पाहताना एक जागा सापडली. वाक्य आपोआप आठवतं. त्याला मनातल्या मनात उत्तर मी देते. भांडण तिथून पेटतं. म्हणून उत्तराचा पहिला शब्द जुळू लागला की श्वासाकडे वळायचं, एवढंच करत राहिले.

काही महिन्यांनी, काही कारण नसताना, दादा छपरावर बसून कौलं चाळताना आठवला. दर पावसाळ्याआधी तोच जायचा. मी फक्त आंब्यांच्या दिवसांत. इतका काळ हे मला आठवलंच नव्हतं! गीतेने क्रोधानंतर संमोह, म्हणजे मन झाकोळणं, आणि मग स्मृतिविभ्रम, म्हणजे आठवणींचा घोटाळा, का सांगितला, ते तेव्हा कळलं.

गणपतीत मी दादाला फोन केला. बराच वेळ बोललो.

द्वेष आता बराच पातळ झालाय, पतंजलींच्या शब्दांत 'तनु'. आसक्ती मात्र जड जातेय. द्वेष जाळतो, म्हणून तो सोडावासा तरी वाटतो. ओसरीवरच्या झोपाळ्याची आठवण गोड आहे, ती मी होऊन काढते, आणि तिच्याच पाठोपाठ ते वाक्य येतं. सध्या सराव तिथे चाललाय.