सिनेगॉगमधलं मराठी कीर्तन: चालीपासून तारखेपर्यंत

बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांच्या, जुन्या कीर्तनाच्या चोपडीत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ एवढा शब्द आणि त्यापुढे त्या काळी सगळ्यांना पाठ असलेल्या एखाद्या गाण्याचे दोन-तीन शब्द. सूर नाही, ताल नाही. १८८० च्या सुमारास मुंबईत हे कीर्तन सुरू झालं तेव्हा त्याची गरजही नव्हती. आज ते मूळ गाणंच फारसं कुणाला येत नाही, त्यामुळे अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं छापलेली असूनही मुकी आहेत. सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहात, होलोकॉस्टच्या (नाझींनी केलेल्या यहुद्यांच्या संहाराच्या) स्मृतिसंध्येला ती पुन्हा गायची असतील, तर वक्ते ठरवण्याआधी चालींना हात घाला. दोन महिने तरी लागतात.

आधी साकी, दिंडी, आर्या, ओव्या वेगळ्या काढा, हे सोपं काम. दिंडीचा चरण १९ मात्रांचा, ९ वर विसावा आणि पुढे १०. साकीच्या २८, म्हणजे १६ आणि १२. मात्रा बसल्या की कुठलाही मुरलेला हरदास चाल लगेच म्हणून दाखवतो. बसत नसतील तर नावं तपासा. ‘इस्राएल’च्या ७ मात्रा होतात, ‘इस्रायल’च्या ६. कुणी हौसेने आजचं शुद्धलेखन घुसवलं की ओळ लंगडलीच.

नाट्यपदांच्या चाली अवघड. ‘संगीत शाकुंतल’ही १८८० मध्येच पुण्यात रंगभूमीवर आलं, त्यामुळे कीर्तनकारांच्या कानात तीच हवा होती. पण ध्वनिमुद्रणं मिळतात ती बरीच नंतरची, ताना-आलापांनी फुललेली. तशीच्या तशी उचललीत तर आख्यान बाजूला राहून मैफल होते. चालीचा फक्त सांगाडा घ्या.

उरलेल्या चाली म्हाताऱ्या बायकांकडे मिळतात, ठाण्यात मिळतात तशा इस्राएलमध्येही. आधी शब्द नुसते बोलून घ्या, मग पेटी-तबल्याशिवाय गाऊन घ्या आणि ध्वनिमुद्रण करा. पेटी आधी लावली तर आजी पेटीच्या मागे जातात आणि खरी चाल निसटते. शेजारी हिंदू कीर्तनकार बसवा. आजींना चाल आठवते, त्यांना मूळ गाणं ओळखता येतं. सर्वधर्मसंवाद म्हणून व्यासपीठावर जे बोललं जातं, त्याहून मला हे बसणं मोलाचं वाटतं. कीर्तनकारांना एक गोष्ट मात्र आधीच सांगा: गणेशवंदन, आरती, प्रसाद यातलं काही होणार नाही. ऐनवेळी थांबवणं दोघांनाही ओशाळवाणं होतं. छापील पदात ‘यहोवा’ हे देवाचं नाव (जे यहुदी एरवी उच्चारत नाहीत) आलं असेल तर ते उच्चारायचं की बदलायचं, हे हझ्झानला, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याला, विचारा.

तारखेत बरेच जण फसतात. होलोकॉस्टच्या स्मृतीसाठी इस्राएलचा दिवस यहुदी पंचांगातल्या निसान महिन्याच्या २७ तारखेच्या आसपास येतो, म्हणजे ओमेर मोजण्याच्या (वल्हांडण सणापासूनचे दिवस मोजण्याच्या) काळात. तेव्हा वाद्यसंगीत टाळतात. त्यापेक्षा २७ जानेवारी सोयीची. १९४५ मध्ये त्याच दिवशी आउश्वित्झ ही नाझींची छळछावणी मुक्त झाली. ती शुक्रवारी आली तर संध्याकाळी शब्बाथ (यहुद्यांचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस) लागतो, म्हणून दिवस बदला. शनिवारी आली तर तारे दिसेपर्यंत माईकसुद्धा लावता येत नाही, तेव्हा आठच्या आधीची वेळ छापू नका.

कद्दिशसाठी, म्हणजे मृतांच्या स्मरणार्थ म्हणायच्या प्रार्थनेसाठी, दहा प्रौढ यहुदी पुरुष लागतात. कोकणात हीच खरी अडचण, म्हणून बारा-तेरा जणांचा होकार घेऊन ठेवा. दहा भरले नाहीत तर कद्दिश सोडून स्तोत्रं वाचावीत. पाहुणे पुरुष दहात धरले जात नाहीत, पण टोपी त्यांनाही लागते. दाराशी टोपल्यात पन्नासेक ठेवा.

कीर्तन प्रार्थनागृहात की अंगणात, आणि पुरुषांसमोर बायकांनी गायलेलं चालेल का, हे प्रत्येक सिनेगॉगचं वेगळं. बायका-पुरुष एकत्र गाणार असतील तर पट्टीचा घोळ ठरलेला. पुरुषांची पट्टी, म्हणजे पेटीवरची काळी एक, धरली की बायकांचा आवाज खाली बसतो, काळी पाच धरली की पुरुष किंचाळतात. अधलीमधली पट्टी शोधत बसू नका. पदं वाटून घ्या आणि ध्रुवपद तेवढं एकत्र म्हणा.