जरा

परवा दुपारी दोनच्या सुमाराला, नुकतं अंग टाकलं होतं आणि बेल वाजली. दारात फिनाईलवाला पोरगा, खांद्याला ही मोठी बॅग. मी "नको" म्हणणार तेवढ्यात म्हणाला, "ताई, जरा पाणी मिळेल का?" आता उन्हातनं आलेल्या माणसाला पाणी नाही कसं म्हणायचं. पाणी दिलं, मग म्हणे जरा वास तर घेऊन बघा, मग जरा एक फरशी पुसून दाखवतो, आणि अडीच वाजता माझ्या सिंकखाली फिनाईलच्या चार बाटल्या होत्या. त्यातल्या दोन आधीच्याच, पण त्याही अशाच आलेल्या.

मला या 'जरा'पुढे नाही म्हणता येत नाही, काय करू. लोकलमध्ये तिघींच्या बाकावर चौथी येते ती काय सीट मागत नाही, "जरा सरकता का" एवढंच म्हणते, टेकते कशीबशी, आणि दादर येईपर्यंत ती ऐसपैस आणि मी एका मांडीवर.

कॉलेजात सायकॉलॉजीला हे होतं. फ्रीडमन आणि फ्रेझर, १९६६, कॅलिफोर्नियातलं पालो आल्टो. लोकांना अंगणात 'गाडी जपून चालवा' असा भलामोठा बेढब बोर्ड लावू द्याल का विचारलं तर शंभरातले सतराही हो म्हणेनात. पण ज्यांच्याकडून दोन आठवडे आधी त्याच विषयाची तीन इंची पाटी लावून घेतली होती, त्यातले ७६ टक्के तयार! म्हणे एकदा छोटं 'हो' म्हटलं की माणूस स्वतःलाच मदत करणारा समजायला लागतो. परीक्षेत मी हे दीड पान लिहिलं होतं, फिनाईलच्या वेळी एक ओळ आठवली नाही.

आमच्या आईची मेथड याच्या बरोबर उलटी. सातवीत असताना सहलीचे दीडशे रुपये हवे होते आणि बाबांकडे मागायची हिंमत नव्हती. बाबा म्हणजे ऑर्डर. पाणी आण, दिवा घालव, अभ्यासाला बस. 'जरा' वगैरे भानगड नाही. आई पोळी लाटता लाटता, मान वर न करता म्हणाली, "आधी सायकल माग. ताकभात झाला की माग, आधी नको." मागितली. बाबांनी ताटातच हात थांबवला, "सायकल-बिकल काही नाही." मग मी आईने पढवल्याप्रमाणे खाली बघून, "मग सहलीला तरी?" दीडशे रुपये त्याच रात्री मिळाले, सुट्टे मोजून.

हेच रॉबर्ट चाल्डीनीने १९७५ मध्ये करून बघितलं. बालगुन्हेगारांसाठी दर आठवड्याला दोन तास, तेही किमान दोन वर्षं द्याल का, असं आधी विचारायचं. सगळे नाही म्हणतात. मग विचारायचं, बरं, एकदाच दोन तास त्यांना झू दाखवायला न्याल का? थेट झूचं विचारलं तर १७ टक्के हो म्हणाले, असं फिरवून विचारलं तर ५०. समोरचा एक पायरी उतरला की आपणही उतरतो, असं काहीतरी. आई फक्त नववीपर्यंत शिकलेली, आणि तिला टक्केबिक्के काही माहीत नव्हते.

पण आईच्या मेथडमध्ये एक घोळ होता. पुढच्या जूनमध्ये, पाऊस नुकताच सुरू झालेला, बाबा संध्याकाळी नेहमीपेक्षा तासभर उशिरा आले, आणि चालत आले, हातात एक सेकंडहँड लेडीज सायकल धरून. मडगार्डला नवा हिरवा रंग दिलेला, तो अजून चिकटत होता, त्यांच्या पँटला लागलेला. म्हणाले, "तेव्हा जमलं नाही."

मला सायकल नकोच होती हो. मला तर चालवताही येत नव्हती. मी आईकडे बघितलं, आई उंबऱ्यात उभी, तिने पदराला हात पुसले, पुसतच राहिली, आणि आत निघून गेली.

बाबांनी सायकल अंगणात स्टँडवर लावली, रुमालाने सीट पुसली आणि म्हणाले, "बस की. जरा चालवून दाखव."